अटल पूल आईला झेपेल का?

बडोद्याहून रविवारी अहमदाबादला जातोय. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. साबरमतीवरच्या अटल पुलावर तिला चालवेल का? लेक ५ वर्षांची आहे.

उत्तर १: नक्की न्या! पूल ३०० मीटरचा, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. मध्ये बसायलाही जागा आहे. आम्ही डिसेंबरात सासूबाईंना नेलं होतं. मधल्या काचेच्या फरशीवर माझा धाकटा पालथा पडून खालचं पाणी बघत राहिला, उठेचना. सासूबाई काचेला वळसा घालून गेल्या, माझा दंड घट्ट धरून. दुपार टाळा, ऊन फार.

उत्तर २: अंधार पडेपर्यंत थांबा. दिव्यांत ते पतंगासारखं छत बघाच.

प्रश्नकर्ती: आभार! आई म्हणतेय, काचेवर आधी मीच उभी राहणार.