एक्स्पान्स: लॅकोनियाचा धागा लोंबकळतच राहिला

'एक्स्पान्स' या अंतराळातल्या विज्ञानकथा-मालिकेचा "सहावा सीझन उरकला" (म्हणजे घाईत गुंडाळला) हे दादांचं म्हणणं अर्धंच पटलं. भागच सहा मिळाले, त्यात बंडखोर नेता मार्को इनारोसचं युद्ध मिटवायचं म्हणजे पळापळ होणारच. कॅप्टन ड्रमरचा शेवट मात्र झकास! नायक होल्डन नव्या वाहतूक संघाचं अध्यक्षपद घेतो काय, तिथल्या तिथे राजीनामा देऊन तिच्याकडे सोपवतो काय. पृथ्वीची प्रमुख अवासारला, तिचा चेहरा बघण्यासारखा.

खटकतं ते लॅकोनिया या दूरच्या ग्रहाचं कथानक. तिथली लहानगी कारा मेलेल्या भावाला त्या विचित्र, कुत्र्यांसारख्या प्राण्यांकडे नेते, तो उठून परत येतो, अन् पुढे? काहीच नाही. मूळ कादंबऱ्या नऊ, मालिका सहावीपाशी थांबली. इथे इंदूरला आमची आई (सबटायटल वाचत सगळं बघते) अजून विचारते, "अरे, त्या पोराचं काय झालं?" आता तिला कादंबऱ्यांची गोष्ट तोंडीच सांगतोय, रोज जेवताना थोडी थोडी.