‘पहिली मिडवे’ म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न : ‘मिडवे ही अमेरिकी विमानवाहू नौका ऑक्टोबर १९४४ मध्ये बुडाली’ असं वाचलं. मिडवे तर सॅन डिएगोला संग्रहालय म्हणून उभी आहे! एकाच नावाच्या अशा जहाजांना ‘भगिनी नौका’ म्हणावं का? आणि बुडालेलीला ‘पहिली मिडवे’?

प्रतिसाद : अजिबात नाही. भगिनी म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या, एकाच वर्गातल्या. नावाचा त्यात संबंध नाही. मिडवे (सीव्हीई-६३) आणि कोरल सी (सीव्हीई-५७) या कॅसाब्लांका वर्गातल्या एस्कॉर्ट कॅरियर, म्हणजे छोट्या विमानवाहू नौका, एकमेकींच्या भगिनी. (कंसातली अक्षरं जहाजाचा प्रकार सांगतात, आकडा त्याचा क्रमांक.) मिडवे (सीव्हीबी-४१) आणि कोरल सी (सीव्हीबी-४३) या मोठ्या जहाजांचंही तसंच. पण दोन मिडवे भगिनी नव्हेत. एक सुमारे ७,८०० टनांची, दुसरी ४५,००० टनांची. ‘नामसाधर्म्य’ हा शब्द आहे, पण तो जहाजाला लावता येत नाही. सरळ ‘एकाच नावाच्या’ लिहा.

प्रतिसाद : शिवाय बुडाली तेव्हा ती मिडवे नव्हतीच. बांधणी सुरू झाली चॅपिन बे या नावाने, एप्रिल १९४३ मध्ये मिडवे झाली, १० ऑक्टोबर १९४४ ला सेंट लो. बांधणीतल्या मोठ्या जहाजासाठी नाव मोकळं करायचं होतं. पंधराच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळ कामिकाझे (जपानी आत्मघाती) विमान तिच्या फ्लाइट डेकवर, म्हणजे धावपट्टीवर, आदळलं. खाली हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या जागेत, विमानांत इंधन आणि दारूगोळा भरणं चालू होतं, तिथे एकामागून एक स्फोट झाले आणि अर्ध्या तासाच्या आसपास ती तळाला गेली. म्हणून ‘सेंट लो (पूर्वीची मिडवे) बुडाली’ असं हवं. जहाज तेच, नाव नवं, याला ‘नामांतर’ चपखल बसतं. छोट्या कोरल सीचंही सप्टेंबर १९४४ मध्ये अँझिओ असं नामांतर झालं.

प्रतिसाद : ‘पहिली’ तर टाळाच. त्याही आधी एका सहायक जहाजाचं नाव मिडवे होतं, एजी-४१. एप्रिल १९४३ मध्ये त्याचं पनाय केलं. म्हणजे सीव्हीई-६३ दुसरी, सीव्हीबी-४१ तिसरी. आणि ४१ हा आकडा पहिली आणि तिसरी अशा दोघींकडे! सीव्ही-६३ म्हटलं तर ती किटी हॉक, वेगळीच विमानवाहू नौका. तेव्हा अक्षरं गाळू नका. आणखी एक खोड : एस्कॉर्ट कॅरियरची अक्षरंच बदलत गेली. आधी एव्हीजी, ऑगस्ट १९४२ पासून एसीव्ही, जुलै १९४३ पासून सीव्हीई. आकडा मात्र कायम. जुन्या कागदांतली ‘एसीव्ही-२१’ म्हणजे सीव्हीई-२१ ब्लॉक आयलंडच.

प्रतिसाद : ब्लॉक आयलंडचा प्रकार वेगळा. हे नाव आधी ८ क्रमांकाच्या जहाजासाठी ठरलं होतं, पण ते ब्रिटनला गेलं आणि एचएमएस हंटर झालं. मग सीव्हीई-२१ ला दिलं. २९ मे १९४४ ला यू-५४९ पाणबुडीने ती अटलांटिकमध्ये बुडवली, तेव्हा सनसेट बे या नावाने बांधत असलेल्या सीव्हीई-१०६ ला तेच नाव मिळालं. सनसेट बेच्या बाजूने हे नामांतर; ब्लॉक आयलंडच्या बाजूने मात्र ‘नाव पुन्हा दिलं’ एवढंच म्हणावं.

प्रतिसाद : आपल्या विक्रांतला क्रमांकही उपयोगाचा नाही, दोघी आर-११. तिथे वर्ष लिहा : विक्रांत (१९६१), विक्रांत (२०२२). ‘नवी विक्रांत’ वर्तमानपत्रात खपतं, पुस्तकात नको. ‘पूर्वीची हर्क्युलस’ हे फक्त १९६१ च्या विक्रांतला लागू पडतं; ब्रिटनमध्ये तिची बांधणी त्या नावाने सुरू झाली होती.