एमटीआरमध्ये मधल्या हॉपवर ४०% लॉस, शेवटी ०%. खरं काय धरायचं?

प्रश्न:
दोन ऑफिसांमधली लिंक तपासतोय. एमटीआरमध्ये (वाटेतल्या प्रत्येक राउटरपर्यंतचा लॉस दाखवणारं साधन) सहाव्या हॉपवर, म्हणजे सहाव्या राउटरवर, ४०% लॉस (हरवलेली पॅकेटं) दिसतो, पण सातव्यापासून शेवटपर्यंत ०%. १०० पिंग केले, सरासरी ३८ मिलिसेकंद, एकही पॅकेट हरवलं नाही. तरी व्हॉइस कॉलमध्ये आवाज तुटतो, आणि तो फक्त आमच्याकडे. नेमकं मोजायचं कसं?

उत्तर १:
सहावा हॉप सोडून द्या. टीटीएल (किती हॉप जायचं याची मर्यादा) संपलेल्या पॅकेटला उत्तर देणं राउटरच्या सीपीयूवर पडतं, म्हणून त्या उत्तरांवर बहुधा मर्यादा घातलेली असते. पुढे जाणारा ट्रॅफिक हार्डवेअरमधून जातो, त्याला याची झळ नाही. एखाद्या हॉपपासून सुरू झालेला लॉस शेवटपर्यंत टिकला, तरच खरा.

१०० पिंग मात्र फारच कमी. इतक्यांत एकही हरवलं नाही, तर ९५% खात्रीने एवढंच म्हणता येतं की लॉस ३% च्या आत आहे. ०.१% चा दावा करायला ३००० लागतात, तेही दिवसभर विखरून, कारण लॉस झुबक्याझुबक्याने होतो.

उत्तर २:
आवाज एकाच बाजूला तुटतो, तिथे पिंग उपयोगाचं नाही. पॅकेट जाताना हरवलं की येताना, हे त्यात कळतच नाही. आयपर्फ३ (ट्रॅफिक पाठवून लिंक मोजणारं साधन) यूडीपी मोडमध्ये चालवा, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही; मग रिव्हर्स पर्याय देऊन पुन्हा, म्हणजे पलीकडून तुमच्याकडे. जी.७११ (आवाजाचं नेहमीचं कोडेक) कॉलसारखाच ट्रॅफिक हवा: १७२ बाइटचा पेलोड, सेकंदाला ५० पॅकेटं, म्हणजे ६८.८ केबीपीएस. डीएससीपी ४६ (पॅकेटवरची व्हॉइसची प्राधान्य-खूण) द्यायला विसरू नका, नाहीतर चाचणी वेगळ्याच रांगेतून जाईल आणि आकडे फसवतील.

प्रश्नकर्ता:
रिव्हर्समध्ये १.८% लॉस, पण बॅकअप चालू असतानाच. एकतर्फी डिलेही मोजू का?

उत्तर २:
आत्ता गरज नाही. त्यासाठी ओवॅम्प आहे, पण दोन्ही घड्याळं जुळलेली लागतात. ५ मिलिसेकंदांचा फरक असला तर एका दिशेला तेवढा डिले वाढतो, दुसऱ्या दिशेला तेवढाच घटतो. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) तर जाण्यायेण्याचा वेळ सारखाच धरून चालतं, त्यामुळे जी तफावत शोधायची तीच झाकली जाते. दोन्हीकडे जीपीएसवर जुळवलेलं घड्याळ असेल तरच त्या वाटेला जा.

उत्तर १:
पलीकडच्या राउटरच्या वॅन इंटरफेसवर (ऑफिसांमधल्या लिंकचा पोर्ट) आउटपुट ड्रॉप्स, म्हणजे बाहेर जाताना टाकून दिलेली पॅकेटं, बघा. बॅकअप चालू असताना तो आकडा चढत असेल, तर रांग तिथेच भरतेय. त्याच राउटरवर लिंकच्या वेगाच्या साधारण ९५% वर शेपिंग (पाठवण्याच्या वेगाला मर्यादा) लावा, म्हणजे रांग त्या राउटरवरच राहील, आणि डीएससीपी ४६ ला प्रायॉरिटी क्यू (आधी जाणारी रांग) द्या. मग बॅकअप चालू ठेवूनच तीच चाचणी पुन्हा घ्या.