‘वरचे-खालचे’ ग्रुप: डब्यातले फोटो

काकू: डब्यातलं, म्हणजे त्या जुन्या कॉम्प्युटरवरचं फोटोंचं फोल्डर परत उघडत नाहीये. मागच्या वेळी तीन दिवस गेले होते, आठवत असेलच. आता जिना उतरून कोणाला सांगायला येणार नाही, इथेच लिहून ठेवते.

काकू: वर इंग्रजीत आलंय की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश बंद आहे.

आत्या: आपलं घर संस्था कधी झालं? अध्यक्ष कोण? 😂

काका: पेनड्राइव्ह. २ मिनिटांचं काम.

दादा: माझ्या मॅकवर मस्त उघडतंय. आत्ताच बघितलं.

काकू: तुझ्या मॅकवर सगळं मस्तच असतं रे.

बाबा: मला तर डबाच दिसत नाही. नेटवर्कमध्ये पूर्ण शुकशुकाट.

आई: रात्री बटण मी बंद केलं होतं, सकाळी सहाला चालू केलंय. आधीच सांगते, नंतर माझ्यावर ढकलू नका.

मी: आई, त्या जुन्या कॉम्प्युटरचं बटण बंद करायचं नाही असं ठरलं होतं ना? चिठ्ठीसुद्धा चिकटवलीय.

आई: चिठ्ठी पडली. केराबरोबर गेली.

मी: काकू, लॅपटॉपवर इतक्यात मोठं अपडेट झालं का?

काकू: परवा. अर्धा तास नुसतं गोल फिरत होतं.

मी: मग तेच. विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून प्रो आवृत्तीत पासवर्डशिवाय ‘पाहुणा’ म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जाता येत नाही. डबा बसवताना सगळ्यांना सोपं जावं म्हणून मी पासवर्डच ठेवला नव्हता. चूक माझी. संस्थेचं मनावर घेऊ नका, घरच्या लॅपटॉपवरही तोच ठरीव मजकूर येतो.

काकू: चूक कबूल केली हे बरं केलंस. मागच्या वेळी कोणीच केली नव्हती.

दादा: मागच्या वेळी राउटर बदलला होता आई, त्यात कोणाची चूक?

काकू: मी कोणाचं नाव घेतलं का?

काका: पेनड्राइव्ह.

दादा: पासवर्ड वगैरे कशाला? मी व्हिडिओ बघितलाय. विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १ ला, म्हणजे नेटवर्कवरून फाइल मागायच्या जुन्या भाषेला, टिक करायची, रीस्टार्ट, विषय संपला.

मी: नको. एक तर त्याचा इथे संबंध नाही, डबा एसएमबी ३ बोलतो. दुसरं, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी लावला नाही त्यांची वाट लागली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनेच हळूहळू ते विंडोजमधून काढून टाकलं, आणि तू म्हणतोस परत घाला.

दादा: बरं बाई. मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, एका ठिकाणी शून्याचा एक करायचा. पाहुण्यांना परत परवानगी.

मी: नुसत्या तेवढ्याने भागत नाही. आता लॅपटॉप आणि डबा यांच्यातल्या प्रत्येक निरोपावर सही लागते आणि ती सही पासवर्डातून तयार होते. पाहुण्याकडे पासवर्ड नाही, म्हणजे सही नाही. मग सहीची अटही बंद करावी लागेल, म्हणजे दाराच्या दोन कड्या काढून ठेवायच्या. त्यापेक्षा एक पासवर्ड काय वाईट?

आत्या: ही पोरगी बँकेत का नाही गेली?

काका: मी पुन्हा सांगतो, पेनड्राइव्हला पासवर्ड लागत नाही.

मी: काका, मागे मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नव्हता, कारण तो एफएटी३२ या जुन्या मांडणीचा होता. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आत कितीही जागा असली तरी. मग तुम्ही तो एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या मांडणीचा, करून आणला. मॅकने तो वाचला, पण त्यावर काही लिहू दिलं नाही.

काका: मग डब्यातली डिस्कसुद्धा कुठल्यातरी प्रकारचीच असणार ना?

मी: हो, आणि ती एक्स्ट४, म्हणजे लिनक्सच्या मांडणीची आहे. काढून तुमच्या लॅपटॉपला लावली तर ना विंडोज वाचेल, ना मॅक. पण नेटवर्कवरून जाताना तुमचा लॅपटॉप डिस्कला हातच लावत नाही. फाइल मागतो, डबा स्वतः वाचतो आणि देतो. मागणं-देणं एका भाषेत झालं की पुरे. मॅकनेही २०१३ पासून स्वतःची जुनी पद्धत मागे ठेवून एसएमबीच धरलंय.

काका: चांगलं सांगितलंस. तरी पेनड्राइव्ह.

दादा: डब्यावर हे करतं कोण? त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. त्याला विंडोजची भाषा कशी येते?

मी: सांबा नावाचा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेलने १९९१ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात लिहायला घेतला. नाव कसं सापडलं? एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शब्दांच्या यादीत शोधून.

आत्या: मला वाटलं नाच.

बाबा: ज्ञानसत्र झालं असेल तर माझ्याकडे बघा. मला अजून काहीच दिसत नाही.

मी: बाबा, वायफाय कोणतं पकडलंय?

बाबा: नावाच्या शेवटी गेस्ट आहे ते. वरच्या खोलीत तेच जोरात येतं.

मी: ते सोडा. गेस्टवर इंटरनेट मिळतं, पण घरातल्या बाकी यंत्रांशी बोलता येत नाही, त्यासाठीच असतं ते. घरचं वायफाय पकडा. विंडोजने विचारलं तर प्रायव्हेट म्हणा, पब्लिक नको.

आत्या: म्हणजे माझा भाऊ स्वतःच्याच घरात पाहुणा!

बाबा: त्यात नवीन काय?

आई: 🙂

काकू: माझा विषय बाजूला पडला वाटतं.

वहिनी: नाही आई. फोटोंची यादी मी १ तारखेला इथेच टाकली होती, तोवर ती बघता येईल.

काकू: यादी बघून फोटो दिसत नाही गं.

मी: काकू, डब्यावर तुमचं खातं केलं. पासवर्ड काकांना वेगळा पाठवलाय, कारण तुमचा फोन चार्जिंगला असतो.

काका: हा मेसेज डिलीट केला आहे

दादा: बाबा!! पासवर्ड ग्रुपवर टाकायचा नसतो.

काका: घरचाच ग्रुप आहे. आत्याने वाचला तर काय ती फोटो चोरणार?

आत्या: वाचला. स्पेलिंग चुकलंय.

मी: बदलला. काकूंना फोनवर सांगितलाय. आता कोणी काही टाकू नका.

काकू: चुकीचा म्हणतंय. तीनदा टाकला.

मी: काय टाकलंत?

काकू: रोज टाकते तोच. चार आकडी.

मी: तो लॅपटॉपचा पिन. पिन त्या लॅपटॉपपुरताच असतो, दुसरं यंत्र त्याला ओळखत नाही. डब्यावरच्या खात्याचं नाव आणि त्याचाच पासवर्ड टाका. आणि त्याआधी लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. एकाच यंत्राकडे दोन वेगळ्या नावांनी एकदम जायला विंडोज देत नाही, जुनं नाव धरून बसतं.

काका: आतापर्यंत पेनड्राइव्ह ११ वेळा वर-खाली झाला असता.

दादा: जिना तुम्ही चढणार होतात का?

बाबा: आला! डबा आला. सगळं दिसतंय. गेस्टचंच होतं.

काकू: माझंही उघडलं.

मी: 🙏 ‘लक्षात ठेवा’ला टिक करा, म्हणजे परत विचारणार नाही.

काकू: केली. एक विचारू? एका फोटोच्या नावात शेवटी चौकोन आलाय. बाकीची नावं नीट आहेत.

मी: तिथे प्रश्नचिन्ह असणार. मॅकवर फाइलच्या नावात ते चालतं, विंडोजला चालत नाही. मग मॅक त्याच्या जागी भलतंच चिन्ह ठेवतो, ते विंडोजला चौकोन दिसतं. फाइलला काही झालेलं नाही.

दादा: नावं हिनेच दिलीत, स्कॅन करताना.

काकू: नाव आहे ‘ही कोण’ आणि पुढे चौकोन.

वहिनी: हो आई, फोटोच्या मागे काही लिहिलं नव्हतं. दोन वेण्या, हातात पाटी. म्हटलं नंतर कोणाला तरी विचारू.

काकू: मी आहे ती.

आत्या: 😂😂😂

वहिनी: बदलते लगेच.

काकू: राहू दे. मला आता बदलता येतं. पासवर्ड आहे माझ्याकडे.