मराठी शाळेतल्या भाषणासाठी ड्रॅग रेसर सुचवा (मॉडेलचं बजेट ४० डॉलर)

जर्सीकर_बाबा: लेक ११ वर्षांची. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी शाळेत तिला पाच मिनिटं बोलायचंय, विषय तिनेच घेतलाय: ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांची छोटी शर्यत. ड्रायव्हर एकच हवा. टेबलावर ठेवायला त्याच्या गाडीचं मॉडेलही, ४० डॉलरपर्यंत.

पिस्टन_पुणेकर: डॉन गार्लिट्स! ८ मार्च १९७०, लाँग बीचची लायन्स स्ट्रिप, म्हणजे धावपट्टी. तेव्हा इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असायचं. गाडी सुटतानाच पायांपाशी असलेलं ट्रान्समिशन फुटलं, उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. माणसाने इंजिन मागे टाकून नवी गाडी बांधली आणि १९७१ला पोमोनाची विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकली. पुढे टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान गाड्यांच्या वर्गात सगळ्यांचीच इंजिनं मागे गेली. मॉडेल मोठंच घ्या. माझं दीडशेला पडलं, पण एकेक पाइप दिसतो.

माई_मिनेसोटा: मुलगी आहे ना? मग शर्ली मलडाउनी. टॉप फ्युएलचं लायसन्स मिळवणारी पहिली बाई, १९७७, १९८० आणि १९८२ची विजेती, गाडी गुलाबी. १९८४ला कॅनडात अपघात झाला, पाय पार चेचले, तरी परत येऊन पळवली. ऑनलाइन मॉडेल मागवू नका. माझ्याकडे मागचा पंख मोडूनच आला, दुकानदार मेलला उत्तर देईना.

पावमैल: जॉन फोर्स. फनी कार या वेगळ्या वर्गाची १६ अजिंक्यपदं, विषय संपला. बाकी हल्लीच्या नायट्रो गाड्या (नायट्रोमिथेन इंधनावरच्या) पाव मैलाऐवजी हजार फूटच पळतात, त्याला मी ड्रॅग रेस मानत नाही.

नायट्रो_नाना: हजार फूट का झालं ते आठवा. २००८ला आपल्या जर्सीतच, इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर, ड्रायव्हर स्कॉट कॅलिटा अपघातात गेला. रेषा ओलांडल्यावर गाडी थांबायला जागा पुरली नाही. त्यानंतर अंतर कमी केलं. योग्यच केलं.

पावमैल: मग धावपट्टी लांबवायची होती.

नायट्रो_नाना: जुन्या ट्रॅकच्या पुढे रस्ते आणि घरं आहेत, कुठे लांबवणार? जर्सीकर, मॉडेल राहू द्या, पोरीला पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हच्या ट्रॅकवर न्या. त्याच तिकिटावर पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथे, शिरता येतं. दोन फेऱ्यांच्या मधे इंजिन खोलून परत बसवतात, ते हातभर अंतरावरून बघायचं. नायट्रोने डोळे चुरचुरतात. कानांत बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही लागतात.

ठाणे_टू_टेक्सास: गार्लिट्सला माझंही मत. पावलाचा प्रसंग जरूर घ्या. पाच मिनिटांत कारकीर्द मावत नाही, एकच दिवस सांगायला लावा.

जर्सीकर_बाबा: सगळ्यांचे आभार. लेकीने अँट्रॉन ब्राउन पक्का केलाय. जन्म ट्रेंटनचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. आधी प्रो स्टॉक मोटरसायकल, मग टॉप फ्युएल, आणि २०१२ला त्या वर्गाचा पहिला कृष्णवर्णीय विजेता. जिंकला तो एकच दिवस ती सांगणार. मॉडेल पुठ्ठ्याचं करतेय. ४० डॉलरचे इअरमफ घेतले.

पिस्टन_पुणेकर: ब्राउन चांगलाच आहे, पण इंजिन त्याच्याही पाठीमागेच असतं, तेवढं गार्लिट्सचं नाव येऊ द्या.