‘सिस्ट’ला गाठ म्हणावे, पुटी की पोकळी?

मुलाच्या एमआरआय अहवालात ‘अरॅक्नॉइड सिस्ट’ (मेंदूभोवतीच्या अरॅक्नॉइड या पातळ आवरणातली सिस्ट) असे आले की घरात त्याचे सरसकट ‘मेंदूत गाठ आहे’ असे होते, आणि माझी हरकत नेमकी त्या ‘गाठी’ला आहे. गाठ म्हटले की भरीव, वाढत जाणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते आणि पाठोपाठ कर्करोगाची धास्ती. सिस्ट म्हणजे आवरण असलेली पिशवी. मूळ ग्रीक ‘किस्टिस’चा अर्थही पिशवी किंवा मूत्राशय असाच आहे. म्हणून ‘पुटी’ हा शब्द मला चपखल वाटतो, कारण अंजलिपुट, संपुट यांतला ‘पुट’ही काहीतरी आत धरून ठेवणारी जागाच दाखवतो.

‘पाण्याची गाठ’ हा बोलण्यातला पर्याय त्यामानाने सौम्य आहे, पण तो सगळीकडे चालत नाही. अरॅक्नॉइड पुटीत मेंदूभोवती असते तसेच पाणी असते; त्यामुळे ती एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या प्रतिमेत काळी, टी-२ मध्ये पांढरी आणि त्या पाण्याचा संकेत मुद्दाम दाबणाऱ्या फ्लेअर प्रतिमेत पुन्हा काळी दिसते. एपिडर्मॉइड पुटी टी-१ व टी-२ मध्ये बहुधा तशीच भासते, परंतु फ्लेअरमध्ये पुरती काळी होत नाही आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या डिफ्यूजन प्रतिमेत लख्ख चमकते, कारण तिच्यात पाणी नसून त्वचेसारख्या पेशींचे झडलेले थर साचलेले असतात. तिला ‘पाण्याची’ म्हटले, तर रेडिओलॉजिस्टने मेहनतीने दाखवलेला फरकच भाषांतरात पुसला जातो.

‘पोरेन्सेफॅली’ हा शब्द ऑस्ट्रियन शरीररचनाशास्त्रज्ञ हेश्ल यांनी १८५९ मध्ये वापरला. तिथे मात्र मी ‘पोकळी’च म्हणेन. जन्मापूर्वी किंवा जन्माच्या सुमारास मेंदूचा काही भाग नष्ट होऊन ती जागा रिकामी राहते व पाण्याने भरते. अरॅक्नॉइड पुटी मेंदूला बाजूला सारते. ही पोकळी मेंदूच्याच जागी असते. आईवडिलांना हा भेद कळणे फार गरजेचे आहे, आणि दोन्हींना एकच शब्द वापरला तर तो कळणार नाही.

जाता जाता ‘फॉन्टनेल’विषयी. त्याचे ‘कवटीतील मऊ छिद्र’ असे भाषांतर वाचून वाईट वाटले, कारण ‘टाळू’ हा शब्द आपल्याकडे आहेच. तोंडातल्या टाळूशी गोंधळ होईल असे वाटल्यास ‘डोक्यावरची टाळू’ म्हणावे. तान्ह्या बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी तिच्यातूनच करतात, आणि हाड ध्वनिलहरी अडवते म्हणून टाळू भरल्यावर ती वाट बंद होते, हे ‘टाळू भरणे’ ठाऊक असलेल्या कोणालाही एका वाक्यात समजावता येते.