मदत हवी आहे: डिसेंबरअखेर जळगावात अडीच दिवस, सोबत गुडघेदुखीची आई आणि दोन मुलं

मुळामुठा:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शनिवारी दुपारी जळगावला उतरतोय, सोमवारी रात्री परतीची गाडी. आम्ही चार मोठे, सत्तरीची आई (पायऱ्या जेमतेम चढते) आणि 8 व 11 वर्षांची मुलं. गाडी भाड्याने घेणार आहोत. खरं भरीत, संध्याकाळी मुलांना मोकळं सोडता येईल अशी जागा आणि अजिंठा, एवढं हवंय. रविवारी गाव आणि सोमवारी अजिंठा असा बेत केलाय. आईला तिखट चालत नाही. काय बदलू?

सातपुडा:
ताई, सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात. बेत उलटा करा: रविवारी अजिंठा, सोमवारी गाव.

जळगावहून नेरी, पहूरमार्गे लेण्यांजवळचं फर्दापूर साधारण 60 किलोमीटर. सकाळी 7 ला निघा. लेणी 9 ला उघडतात आणि सुट्टीतल्या रविवारी 11 नंतर चित्रांच्या लेण्यांबाहेर रांग लागते. तुमची गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवरच थांबते, पुढचे 4 किलोमीटर एसटीच्या बसने. म्हणून पाणी, आईची औषधं, मुलांचे स्वेटर गाडीत विसरू नका. मध्येच परत येणं परवडत नाही.

चढ सुरुवातीच्या पायऱ्यांचा आहे, नंतर वाट बरीच सपाट. आईसाठी पायथ्याशीच डोली ठरवा. बसण्याआधी दर बोलून घ्या, आणि त्यात जाणं, येणं आणि मधलं थांबणं धरलंय का ते स्पष्ट विचारा. घोळ नेहमी परतीच्या वेळी होतो. सगळी 30 लेणी आईला दाखवायचा आग्रह नको. 1, 2, 16, 17 ही चित्रांची आणि 26 मधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध, एवढं निवांत बघायला तीन तास लागतात. आत शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की भिंती उजळायला लागतात. फ्लॅश चालत नाही. चित्रांच्या लेण्यांत चप्पल बाहेर काढावी लागते आणि डिसेंबरच्या सकाळी दगड गार असतो, तेव्हा सगळ्यांना मोजे आणि पटकन निघणाऱ्या चपला. लेण्यांशेजारचा सप्तकुंडाचा धबधबा पावसाळ्यातला, मुलांना त्याची आशा दाखवू नका.

कापूसकाठी:
भरताचं मी सांगतो. तुम्ही अगदी हंगामात येताय. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. वांगं हिरवट-पांढरं, मोठं, गर भरपूर आणि बिया कमी. बामणोद भागातलं मिळालं तर उत्तमच.

भरीत तयार घेतलंत तरी एकच प्रश्न विचारा: वांगी कशावर भाजली? कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला जो धुरकट वास येतो तो गॅसवर येत नाही. भरितात लाल तिखट आणि टोमॅटो नसतो. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण वांग्याबरोबर लाकडी भांड्यात ठेचतात, मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात परतून त्यात हा गर, वर कोथिंबीर. मिक्सरमधून काढलेलं भरीत ओळखू येतं: गुळगुळीत असतं, रेषा राहत नाहीत आणि पाणी सुटतं. तुम्हा सात जणांना अडीच किलो कच्ची वांगी पुरतील. आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि आईसाठी मिरची घालायच्या आधीच वाटीभर गर बाजूला काढायला लावा. नंतर तिखट कमी होत नाही.

सोबत पुरी सगळीकडे मिळते, पण कळण्याची भाकरी मागून बघाच. ज्वारी चार भाग आणि सालासकट काळे उडीद एक भाग, थोडं मीठ घालून दळलेलं पीठ. भाकरी काळपट दिसते म्हणून मुलं नाक मुरडतील. गरम असतानाच वर तेल घालून द्या, गार झाली की चिवट होते.

तापीकाठ:
शेवभाजी आईला देऊ नका. "कमी तिखट करा" म्हटलं तरी उपयोग नसतो, कारण काळा मसाला वाटणातच असतो; वरची तर्री काढली तरी तिखटपणा राहतो. तिच्यासाठी वरण-बट्टी आणि भरपूर तूप, नाहीतर खापराचे मांडे दूध-तुपासोबत. मांडा हातावर पसरवून उपड्या खापरावर भाजतात. तोही आदल्या दिवशी सांगावा लागतो आणि त्याच दिवशी खायचा, दुसऱ्या दिवशी कडा वाळतात. तुम्ही मोठ्यांनी मात्र शेवभाजी चुकवू नका. शेव अगदी वाढताना घातलेली हवी, आधीच घातली की रश्शाचं पिठलं होतं.

सोमवारी सकाळी शिरसोली रस्त्यावरच्या जैन हिल्सला गांधीतीर्थ. 2012 मध्ये खुलं झालेलं हे संग्रहालय नीट बघायला दोन-अडीच तास लागतात. 11 वर्षांच्या मुलाला आवडेल, धाकट्याला कदाचित लांब वाटेल. निघण्याआधी फोन करून सोमवारी उघडं आहे का आणि वेळ काय, ते पक्कं करा. शनिवारी संध्याकाळी काव्यरत्नावली चौकाजवळचं भाऊंचं उद्यान, मुलं तिथे मोकळी खेळतील. सोमवारी दुपारनंतर मेहरूण तलाव. याच दिवसांत मेहरूणची बोरं येतात, आंबटगोड आणि लहान. ती घ्याच.

सातपुडा:
सोमवारी दुपारी मी पद्मालय सुचवेन. एरंडोलपासून साधारण 10 किलोमीटर, कमळांच्या तळ्याकाठी, आणि गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी, एक डाव्या सोंडेची, एक उजव्या. पण रात्रीची गाडी आहे, अंधार पडायच्या आत परत निघा. पाटणादेवीचा मोह मात्र या खेपेला टाळा. ती चाळीसगावकडे आहे, तिला पूर्ण दिवस हवा.

मुळामुठा:
खूप आभार सगळ्यांचे, बेत उलटा केला. कापूसकाठी भाऊ, भरताची वांगी पुण्याला नेता येतील का?

कापूसकाठी:
नेता येतील. निघायच्या दिवशीच घ्या. आकाराच्या मानाने हलकं लागेल ते निवडा, जड असेल त्यात बिया जास्त. धुऊ नका, वर्तमानपत्रात सुटं गुंडाळून कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये घाम धरून देठाकडून सडतात. तीन दिवसांत संपवा. घरी गॅसवर भाजताना तेलाचा हात लावून सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर फुटून शेगडीवर सांडतं. भाजलं की पाच मिनिटं झाकून ठेवा, साल अलगद निघते. सालीचे काळे कण राहिले तर वेचून काढा, पण पाण्याखाली धरू नका, सगळा वास वाहून जातो.